साठ लिटरांत समुद्र मावत नाही



गेल्या महिन्यात आमच्या हॉलमध्ये दोन जीव गेले. दोष माझाही आहे, म्हणून आज गोड लिहिणार नाही.

धाकट्याने हट्टाने खाऱ्या पाण्याची टाकी घेतली, साठ लिटरची. त्यात क्लाउनफिशची जोडी, मुलं ज्यांना ‘निमो’ म्हणतात ते नारिंगी मासे. चार महिने ठीक गेले. मग दुकानदार म्हणाला, “निमोला घर नको का? ॲनिमोन न्या. फूल आहे ताई, त्याला काही लागत नाही.” मी “आण” म्हणाले. अकराव्या रात्री ते सरकत सरकत पंपाच्या तोंडाशी गेलं आणि चिरडलं. सकाळी पाणी दुधासारखं पांढरं झालेलं, घरभर वास. एक मासा मेलेला, दुसरा वर येऊन तोंड उघडत होता.

पहिली गोष्ट. ॲनिमोन फूल नाही, प्राणी आहे. त्याला तोंड आहे, भक्ष्याला दंश करणाऱ्या पेशी आहेत, आणि जागा आवडली नाही तर तो तळव्यावर सरकत दुसरीकडे जातो. आपल्याकडे पाठशाळेतलं पोरही सांगेल की जो आपणहून हलतो तो त्रस जीव. ‘फूल’ म्हणून विकलं की आपण हात जोडायचं विसरतो, एवढाच त्या शब्दाचा उपयोग.

दुसरी गोष्ट, “छोट्या टाकीतही जगतं” हे वाक्य. प्रवाळातल्या ॲनिमोनच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि त्याचं बरंचसं पोषण तेच करतं. त्या शेवाळाला प्रखर प्रकाश लागतो. टाकीसोबत फुकट आलेला दिवा पुरत नाही. प्रकाश कमी पडला किंवा पाणी तापलं की शेवाळ निघून जातं आणि प्राणी पांढरा पडतो. दुकानात जे ‘सुंदर पांढरं’ म्हणून दाखवतात ते पुष्कळदा उपाशी असतं. गडद पिवळं किंवा जांभळं दिसलं तर रंगवलेलंही असू शकतं.

आता पाण्याचा हिशेब करा. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. उन्हाळ्यात आपण चार दिवस गावाला गेलो आणि साठातलं तीन लिटर उडालं, तर ३५ ची क्षारता ३७ च्या जवळ जाते. तीनशे लिटरच्या टाकीत तेवढंच पाणी उडालं तर फरक जेमतेम जाणवतो. दुपारी वीज गेली की लहान टाकी लवकर तापते. माशाची घाण, उरलेलं अन्न, सगळं थोड्या पाण्यात साठतं. ॲनिमोनला हवा असतो तो न बदलणारा समुद्र, आणि लहान टाकी रोज बदलते. म्हणून जाणकार सांगतात, टाकी निदान सहा महिने ते वर्षभर मुरू द्या. आमची चार महिन्यांची होती. दुकानदाराने विचारलंही नाही.

कोणी म्हणेल, स्कॉटलंडमध्ये तर एक ॲनिमोन काचेच्या बरणीत जगलं! खरं आहे. सर जॉन डॅलियल यांनी ते १८२८ मध्ये किनाऱ्यावरून आणलं आणि ते १८८७ मध्ये मेलं. पण ते भरती-ओहोटीच्या खडकांतलं, थंड पाण्यातलं. ऊन, पाऊस, कमी-जास्त मीठ सोसायला घडलेलं, अंगात शेवाळ नसलेलं. शिवाय त्याला ताजं समुद्राचं पाणी मिळत होतं. या गोष्टीतून मला वेगळंच दिसतं: जो जीव एकोणसाठ वर्षं जगू शकतो, तो माझ्या घरी अकरा दिवस जगला.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. त्याला खायला काय? दुकानदाराने गोठवलेल्या कोळंबीचं पाकीट दिलं. मैत्रिणींनो, आपण बटाटा घरात आणत नाही, पाणी गाळून घेतो, आणि ते पाकीट माझ्या फ्रीजमध्ये पनीरशेजारी पडलं होतं. माशांच्या दाण्यातही मासळीची पूड असते, हे मी उशिरा वाचलं.

“पण आपण त्याला सांभाळतो, ही जीवदयाच ना?” असं नणंद म्हणाली. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत, त्यातला पहिलाच बंध, म्हणजे जिवाला कोंडणं. शेवटचा अन्नपाननिरोध. आम्ही दोन्ही केले, वर त्याला शोभा म्हटलं.

मोठी, वर्षभर मुरलेली टाकी, जोरदार दिवा, जाळीने झाकलेले पंप, रोज क्षारता मोजणारा माणूस, आणि समुद्रातून न काढलेलं, टाकीतच विभागून वाढवलेलं बबल-टिप ॲनिमोन असेल तर ते जगतं, हे मी नाकारत नाही. पण ते शक्य आहे म्हणून आपण करावं, असं कुठे आहे? आणि यातलं एकही नसेल तर उत्तर सरळ ‘नाही’ आहे. टाकीत वाढलेल्या क्लाउनफिशला ॲनिमोन लागतही नाही. आमचा उरलेला मासा त्याच्याविना नीट पोहतो आहे.

त्याला मी खाडीत सोडणार नाही. ते त्याचंही मरण आणि तिथल्या जिवांनाही धोका. तो असेपर्यंत सांभाळीन, नवा आणणार नाही.

मुलांना ॲनिमोन दाखवायचंच असेल तर ओहोटीला मुंबईच्या किंवा कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर न्या. हात न लावता बघा, पाय जपून टाका, आणि रिकाम्या हातांनी घरी या.