मॉलचे भाडे दरमहा, उसाचे बिल हप्त्याने

१९९९ मध्ये मुंबईत ताडदेवला ‘क्रॉसरोड्स’ सुरू झाला, तेव्हा आत शिरायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावे लागे. नसेल तर साठ रुपये मोजा. त्या काळात या अटीने कितीजण दारातून परत गेले असतील, हे सांगायला नको. अट लवकरच मागे घ्यावी लागली. पुढे मालक बदलले, ‘सोबो सेंट्रल’ असे बारसे झाले, आणि अखेर दुकानेच उठली. हा काही एकटाच अपवाद नाही. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात ६४ शॉपिंग सेंटर ओस पडली होती, म्हणजे त्यांतली ४० टक्क्यांहून अधिक जागा रिकामी होती. तरीही तालुक्याच्या गावात विकासाचा विषय निघाला की मॉलचे नाव येतेच. कोपरगावच्या बाबतीत तर दाखले तयार आहेत: शिर्डी हाकेच्या अंतरावर, काकडी गावचे विमानतळ तालुक्यातच, आणि समृद्धी महामार्गही तालुक्यातूनच जातो. एवढे असूनही बंदिस्त मॉल हे कोपरगावचे भविष्य नाही. कारण सरळ आहे: मॉलचा खर्च ठरलेल्या तारखेला येतो, या तालुक्यातला पैसा तसा येत नाही.

मॉलमधल्या गाळ्याला भाडे लागते, त्यावर देखभालीचा आकार, सामायिक जागेची वीज, एसी, सुरक्षारक्षक. गिऱ्हाईक येवो न येवो, दर महिन्याला हे द्यावेच लागते. इकडे कोपरगावच्या बाजारपेठेतला पैसा दोन साखर कारखाने, दूध आणि कांदा यांच्यामागून फिरतो. ऊस कारखान्याला दिल्यावर चौदा दिवसांत बिल द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात पैसे हप्त्याहप्त्याने येतात, हे कोणत्याही उसवाल्याला विचारा. कांद्याचे पैसे त्या दिवशीच्या भावावर. म्हणून दिवाळीत आणि लग्नसराईत कापडदुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि आषाढात दुकानदार माशा मारत बसतो. तो तग धरतो, कारण जागा बहुधा घरची असते, गल्ल्यावर घरचाच माणूस असतो आणि उधारीची वही असते. खताचे, किराण्याचे पैसे ‘बिल निघालं की देतो’ या बोलीवर थांबतात. वहीत नाव लिहून घेणारा कारकून कोणत्याही ब्रँडच्या दुकानात ठेवलेला नसतो.

यावर कुणी म्हणेल की, डी-मार्ट चालतेच ना? चालते, पण ते दुकान आहे, मॉल नव्हे. बहुतेक ठिकाणी इमारत स्वतःची, सजावट बेताची आणि माल रोजच्या गरजेचा. वारणानगरच्या सहकारी ‘वारणा बझार’ने तर ग्रामीण भागात एका छताखाली खरेदी ही गोष्ट मॉलचे वारे येण्याच्या कितीतरी आधी करून दाखवली. समृद्धीचा मुद्दा जास्त मोठा वाटतो. पण तो रस्ता दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेला आहे, ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते. जुन्या हमरस्त्याप्रमाणे ‘जरा थांबून चहा घेऊ’ असे तिथे होत नाही. साईभक्तही दर्शन आणि प्रसादापुरते येतात. पुण्या-मुंबईत मिळतात तेच बूट घ्यायला ते वाट वाकडी करतील, हे गणित कागदावरच शोभते.

चांगले चालणारे मॉल आहेतच. पुण्यात विमाननगरचे फिनिक्स मार्केटसिटी रविवारी पाहावे. पण तिथे मालक एक असतो आणि गाळे भाड्याने असतात. कोणते दुकान कुठे, कोणाला काढायचे, हे एकजण ठरवतो. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये गाळे सुटे सुटे विकले गेले होते. शेकडो मालक झाले की सामायिक जिना कोणाचा, हे ठरत नाही. मार्च २०२१ मध्ये तिथे आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या रुग्णालयातले रुग्ण दगावले. छोट्या गावातला मॉल यातल्या दुसऱ्या वाटेनेच जाण्याची भीती अधिक, कारण बांधणाऱ्याला गाळे विकून मोकळे व्हायचे असते. नगरपालिकांची व्यापारी संकुले पाहिली तर नमुना समोरच दिसतो: खालच्या मजल्याला लिलावात चढी बोली, वरच्या मजल्यावर गंजलेली शटर, एखादा क्लास, एखादे विमा एजंटाचे कार्यालय आणि जिन्याच्या वळणावर पानाच्या पिचकाऱ्या.

एक आक्षेप मात्र मनापासून मान्य करावा लागतो. मॉलमध्ये स्वच्छतागृह असते, सावली असते, बसायला बाक असतो. खेड्यातून खरेदीला आलेल्या बाईला अख्खा दिवस पाणी न पिता काढावा लागत नाही. तरुणांनाही टपरीपलीकडे बसायला जागा हवीच. पण या गोष्टींसाठी एसीची पेटी कशाला? गोदाकाठच्या या शहराचे साठवण तलाव कालव्याच्या आवर्तनावर भरतात. आवर्तन लांबले की नळाला पाणी कधी येणार, हीच चर्चा. तिथे मॉलच्या पाण्याची सोय करण्याआधी आठवडे बाजाराला पत्र्याचे उंच छत, चालू अवस्थेतली स्वच्छतागृहे, गाड्या लावायला जागा आणि ओट्यांचे रोजच्या रोज घ्यायचे माफक भाडे ही कामे व्हायला हवीत. ज्या दिवशी विक्री, त्याच दिवशी भाडे. आषाढात ओटा रिकामा राहिला तर बुडणार ते एका दिवसाचे, कर्जाचा हप्ता नव्हे.