देवाची इच्छा आणि सीएसची सीट

जून-जुलैच्या रविवारी बेंगळुरूतल्या उपासनांमध्ये एक साक्ष हमखास ऐकू येते. सीईटी नाहीतर कॉमेडके या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागलेला असतो. कोणाची तरी आई उभी राहते आणि मुलाला कॉम्प्युटर सायन्स (सीएस) मिळालं म्हणून प्रभूचे आभार मानते. तिचा आनंद खरा असतो, आभारही खरे असतात. पण इतिहासाच्या बीएला किंवा नर्सिंगला प्रवेश मिळाला म्हणून कोणी उभं राहिल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. मुलांची शाखा ठरवताना आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं देवाची इच्छा विचारतो असं म्हणतो, पण बहुतेक वेळा निर्णय आधीच झालेला असतो आणि देवाचं नाव त्यावर नंतर घातलं जातं. हे मला मनापासून खटकतं.

आपल्या मराठी मंडळात ख्रिस्ती घरं थोडी आहेत. तरीही हा विषय सगळ्यांपुढे मांडतो आहे, कारण बारावीनंतर ‘पॅकेज किती?’ हाच प्रश्न आपल्या सगळ्यांच्या घरात पहिला येतो.

येशूने सांगितलेल्या एका दाखल्यात धनी परगावी जाताना चाकरांकडे आपलं धन सोपवतो आणि परतल्यावर हिशेब मागतो. धन चाकराचं नसतंच, त्याच्याकडे ते फक्त सोपवलेलं असतं. बुद्धी, हातातली कला, गणिताची आवड, आजाऱ्याजवळ न कंटाळता बसण्याचा स्वभाव, हे सगळं त्या धनात येतं. त्यामुळे ‘मला काय मिळेल?’ या प्रश्नाने आमची सुरुवात व्हायला नको. ‘तुझी आवड तीच निवड’ हेही मला अपुरं वाटतं. आवड महत्त्वाची आहे, पण ती कोणाच्या उपयोगी पडणार, हे त्याच दमात विचारायला हवं.

या बाबतीत मला पंडिता रमाबाईंचा आधार वाटतो. 1858 मध्ये कर्नाटकातल्या सह्याद्रीत, गंगामूळच्या रानात जन्मलेली ही बाई. 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात असं ठामपणे सांगितलं. पुढच्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून पैसे उभे करून त्या स्वतः वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तिथेच वैद्यकाचं दार बंद झालं. कारण त्यांना ऐकू कमी येत होतं. आज ‘नीट’मध्ये थोडक्यात हुकलेल्या मुलीला घरात जी शांतता सोसावी लागते, तिच्यापेक्षा हा घाव मोठा होता. परका देश, कडेवर लहान मुलगी, आणि ज्यासाठी आलो तेच अशक्य.

रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या आणि तिथेच गणित, विज्ञान, इंग्रजी शिकल्या. इंग्लंडमधल्या धर्मभगिनींशी आणि बिशपांशी त्यांनी पत्रांतून कडक वाद घातले. देवाचं ऐकेन, पण देवाच्या नावाने दुसऱ्याने दिलेला हुकूम तपासून घेईन, असा त्यांचा बाणा होता. मार्च 1886 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशींच्या वैद्यकीय पदवीदानाला त्या हजर होत्या. ज्या पदवीसाठी आपण घर सोडलं, तशीच पदवी त्यांनी दुसऱ्या मराठी मुलीच्या हातात पाहिली. त्याच अमेरिकेत त्यांनी फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत अभ्यासली. 1889 मध्ये मुंबईत निराधार बायकांसाठी त्यांचं शारदा सदन सुरू झालं. पुढे त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचलेल्या मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं कामही त्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत केलं.

वैद्यक, बालशिक्षण, छपाई, हिब्रू. विषय किती बदलले पाहा. निराधार बाईला स्वतःच्या पायावर उभं कसं करायचं, हा प्रश्न मात्र तोच राहिला. देवाचं पाचारण म्हणतात ते मला या प्रश्नात दिसतं. म्हणून सतरा वर्षांच्या मुलाला ‘देवाने तुझ्यासाठी कोणती ब्रँच ठरवली आहे?’ असं विचारून घाबरवू नये. ‘कोणाचं दुःख तुला स्वस्थ बसू देत नाही?’ असं विचारावं, आणि उत्तराला वेळ द्यावा.

आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये उलट्या बाजूची चूकही होते. पाळक, डॉक्टर, नर्स, शिक्षक यांचं काम तेवढी सेवा, बाकी सगळी पोटाची नोकरी, असा समज आहे. इथल्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजचा मला आदर आहे. 1963 पासून ते डॉक्टर घडवत आलं आहे, आणि पदवीनंतर ग्रामीण भागात काही काळ सेवा करण्याची अट तिथे आहे. पण येशू सुतार होता. पौल करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करत होता. सांडपाण्याचं गणित नीट करणारी सिव्हिल इंजिनिअर या शहरात किती आजार टाळू शकते! आणि सीएसदेखील चांगलंच, मुलाला त्यात खरोखर गोडी असेल तर.

‘हे भरल्या पोटी ठीक आहे’ असं कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. नगर-जालन्याकडची कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं दलित समाजातली आहेत. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलती त्यांना मिळत नाहीत, म्हणून फीचा बराच भार घरावर येतो. अशा घरातल्या मुलाने लवकर पगार देणारी शाखा घेऊन धाकट्या भावंडांचं शिक्षण केलं, तर तीही सेवाच आहे, आणि त्याला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझा आग्रह आहे तो आमच्यासारख्या, दोन पगारांच्या घरांकडे. निवडायला मोकळीक असूनही आपण मुलांना एकाच दारातून ढकलतो.

मंडळाकडे एक मागणी आहे. प्रवेशाची ऑप्शन एंट्री सुरू होण्याआधी, मे महिन्यात, बारावीच्या मुलांना मंडळातल्या कामकरी माणसांबरोबर काही दिवस घालवू द्यावेत: परिचारिका, वकील, शाळेतल्या शिक्षिका, पुलांची कामं पाहणारे इंजिनिअर, प्रयोगशाळेतले संशोधक, कोड लिहिणारेही. ख्रिस्ती मुलांपुरतं नाही, सगळ्यांसाठी. नावं गोळा करण्याचं काम मी आनंदाने करेन.