बंदुकीच्या नकाशाबाहेरचा यवतमाळ

मे २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या शाखा धोरणानुसार, प्रत्येक बँकेने वर्षभरात उघडलेल्या बँकिंग केंद्रांपैकी किमान २५ टक्के केंद्रे बँक नसलेल्या, दहा हजारांहून कमी वस्तीच्या गावांत हवीत. केंद्र सरकारने नक्षलग्रस्त ठरवलेल्या जिल्ह्यांत मात्र पन्नास हजारांहून कमी वस्तीच्या, आधीच बँक असलेल्या गावातले केंद्रही या हिश्शात धरले जाते. वर्धा नदीपलीकडचा चंद्रपूर जिल्हा तेव्हा त्या यादीत होता. अलीकडचे वणी, मारेगाव, झरी-जामणी हे तालुके असलेला यवतमाळ जिल्हा नव्हता.

जिथे कर्मचाऱ्यांच्या जिवाला धोका, तिथे सवलत हवीच, असे धोरणाचे समर्थक म्हणतात. ते रास्तच आहे. पण हिंसा हा निकष असेल, तर कर्जसंकट का नाही? २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात यवतमाळ होता. शेतकरी आत्महत्यांमागे कर्जाचा फास आहे, हे सरकारने तेव्हाच मान्य केले. शाखा धोरणाने मात्र त्याची दखल घेतली नाही.

दुसरा आक्षेप असा, की बँकमित्र आणि मोबाइल असताना शाखा कशाला? बँकमित्र पैसे भरून घेतो, काढून देतो. त्याचे ठरावीक जागेवरचे केंद्र दिवसाला चार तास, आठवड्याला पाच दिवस चालले की नियमाच्या लेखी ते शाखेच्या बरोबरीचे ठरते. पण पीककर्ज मंजूर करण्याचा अधिकार त्याला नाही. पेरणीच्या तोंडावर सातबारा घेऊन आलेल्या कोलाम आदिवासी शेतकऱ्याला तो फार तर शाखेचा रस्ता दाखवेल. मंजुरी लांबली, की उधारीचे बियाणे आणि सावकार हेच उरतात.

थकबाकीमुळे शाखा परवडत नाहीत, हा तिसरा मुद्दा वजनदार आहे. १९७७ ते १९९० या काळात बँक असलेल्या ठिकाणी एक परवाना हवा, तर बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा उघडाव्या लागत. १९६९ ते १९९० या काळात ग्रामीण भागात बँक नसलेल्या सुमारे तीस हजार ठिकाणी शाखा निघाल्या. अर्थतज्ज्ञ बर्जेस आणि पांडे यांच्या २००५ च्या अभ्यासात त्यामुळे ग्रामीण दारिद्र्य घटल्याचे दिसले, तसेच थकबाकी मोठी असल्याचेही. उत्तर शाखा टाळण्यात नाही. कोरडवाहू कापूस बुडाल्यावर वेळेत कर्जाचे पुनर्गठन करणारा, गाव ओळखणारा अधिकारी जवळ असण्यात ते आहे.

शिवाय नक्षलग्रस्त जिल्ह्यांची यादी आक्रसते आहे: २०१८ मध्ये ९०, २०२१ मध्ये ७०, २०२४ मध्ये ३८. चंद्रपूर २०२१ मध्येच वगळला गेला. गोळीबार थांबला की सवलतही जाते, पतपुरवठ्याची गरज मात्र तशीच राहते.

म्हणून रिझर्व्ह बँकेने तीन बदल करावेत. कर्जसंकट हा सवलतीचा स्वतंत्र निकष मानावा आणि २००६ च्या सहा जिल्ह्यांपासून सुरुवात करावी. यादीतून वगळलेल्या जिल्ह्याची सवलत किमान पाच वर्षे चालू ठेवावी. आणि या जिल्ह्यांत २५ टक्क्यांच्या हिश्शात तेच केंद्र धरावे, जिथे पीककर्ज मंजूर करणारा अधिकारी ठरलेल्या दिवशी बसतो.