पेटतो का हो?

आमच्या एका स्नेह्याच्या आवारात रस्त्यावरचा जुना बिडाचा दिव्याचा खांब उभा आहे. भंगारवाल्याकडून वजनावर घेतलेला. वर कंदिलासारखी काच, अंगावर मनीप्लांट. "पेटतो का हो?" म्हणून विचारले तर हसले. "ॲन्टिक पीस तो, पेटवायचा कशाला?"

मला क्रिस बर्डन आठवला. हा अमेरिकन कलावंत २००० साली पॅसाडेनाच्या जुन्या बाजारात गेला आणि असेच दोन खांब घेऊन आला. मग छंदच जडला! बहुतेक खांब दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रस्त्यांवरचे, १९२०-३०च्या दशकांतले. ते दुरुस्त करून त्याने सगळ्यांना एकच करडा रंग दिला. असे २०२ खांब २००८ पासून लॉस एंजेलिसच्या कौंटी कला संग्रहालयाबाहेर, विल्शायर बुलेवार्डवर, दाटीने उभे आहेत. तिकीट नाही. काळोख पडला की पेटतात, आणि माणसे त्यांच्यामधून फिरतात. बर्डन २०१५ साली गेला. २०१८ मध्ये आत एलईडी दिवे आले. उजेड चालूच आहे.

याला मी जतन म्हणेन. दिवा जपायचा म्हणजे उजेड जपायचा, आणि तोही येणाऱ्या-जाणाऱ्याचा. खांब भंगारात वितळला नाही हे आमच्या स्नेह्यांचे उपकारच, ते मी नाकारत नाही. पण गडग्याच्या आत विझून उभा असलेला खांब आणि दिवाणखान्यातली तेलवात नसलेली समई, दोन्ही मला सारखीच वाटतात.

बर्डनचे एक मात्र मला पटत नाही. तो करडा रंग. सोळा-सतरा तऱ्हांचे खांब, नक्षी वेगळी, उंची वेगळी, कारण रस्ते वेगळे. एका रंगात ते देवळाच्या खांबांसारखे देखणे दिसतात खरे (फोटोही झकास येतात!), पण कोण कुठला ते पटकन कळत नाही. आम्हां गोंयकारांना माणूस भेटला की पहिला प्रश्न, "तूं खंयचो?" खांबाला तो का विचारू नये?

स्नेह्यांना मी म्हटले, वायर ओढा, रस्त्याच्या बाजूला गेटपाशी उभा करा, आणि खाली पाटी लावा, कुठल्या वाड्यावरचा ते. वायरीचे चवथीनंतर बघू म्हणाले. पाटीचे मात्र अडले. भंगारवाल्याने गाव सांगितला होता, तो ते विसरलेत.