निवडले कुणी?

कादंबरीचा नायक खोलीत पडून सिगारेटी ओढू लागला, नोकरीला नि लग्नाला नको म्हणू लागला, की आपली समीक्षा त्याच्यावर ‘अस्तित्ववादी’ असा शिक्का मारून मोकळी होते. उदास तो अस्तित्ववादी, एवढे सोपे समीकरण! पण अस्तित्ववादी तत्त्वज्ञ सार्त्रचे म्हणणे उदासीपाशी थांबत नव्हते. निवड टाळता येत नाही, न निवडणे हीही निवडच, आणि तिचा जाब ज्याचा त्याने द्यायचा, हे त्याने १९४५ मध्ये पॅरिसच्या व्याख्यानात बजावून सांगितले.

त्याच वर्षी त्याची ‘द एज ऑफ रीझन’ ही कादंबरी आली. नायक मात्यू, तत्त्वज्ञानाचा शिक्षक. त्याची मैत्रीण मार्सेल हिला दिवस गेले आहेत आणि गर्भपातासाठी तो पॅरिसभर उसने पैसे मागत हिंडतो आहे. लग्न करणार असशील तर पैसे देतो, असे भाऊ म्हणतो. हा नाही म्हणतो. मित्राने स्पेनच्या युद्धाची वाट धरली, त्याच्यामागून जावेसे वाटते, जात नाही. कम्युनिस्ट पक्षात ये म्हणतात, तेही नाही. का, तर स्वातंत्र्य गहाण पडेल. मोडायची नाही असे ठरवून बाळगलेल्या ठेवीसारखे ते स्वातंत्र्य शेवटी त्याच्यापाशी तसेच उरते, निरुपयोगी. आणि मार्सेल? तिला मूल हवे आहे की नको, हे या तत्त्वज्ञाने तिला एकदाही धडपणे विचारलेले नाही. सार्त्र आपल्या नायकाला इतका उघडा पाडतो, ही खरी गंमत. आपले समीक्षक नायकाची बाजू घेण्यात गुंतलेले असतात.

कामूने तर ‘अस्तित्ववादी’ हे लेबल स्वतःला लावूनच घेतले नाही. १९४२च्या ‘द आउटसायडर’मधला मर्सो गोळी झाडतो तेव्हा डोळ्यांत ऊन भरलेले असते, निवड तिथे अंधूकच. ती होते कोर्टात: न वाटलेला पश्चात्ताप तो दाखवत नाही, आणि त्यापायी मृत्युदंड पत्करतो.

दरवर्षी प्रश्नपत्रिकेत ‘कोसला’ कादंबरीतील अस्तित्ववाद स्पष्ट करा, असे विचारणाऱ्या प्राध्यापकांना म्हणूनच एक विनंती. यंदा एवढेच विचारा: तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याने नेमके कधी, काय निवडले, आणि त्याचे बिल वडिलांखेरीज आणखी कुणी भरले?