जीप नको, एसटी बरी

मुलांना सुट्टी लागली की घरोघर जीप ठरवून अजिंठा-वेरूळ पाहायचे बेत होतात. भाडे ऐकले की बेत तिथेच बसतो. आमच्याकडेही दोन वर्षे तसेच झाले. शेवटी आईच म्हणाली, "का रे, एसटी काय बंद पडली का?"

मग छत्रपती संभाजीनगरात एकच खोली घेतली नि रोज सकाळी भाकरी बांधून बस धरली. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे, बारा वर्षांखालच्या पोरांनाही अर्धेच. आई पंचाहत्तरीच्या पुढची, तिला फुकट (आधार कार्ड मात्र जवळ हवे). पाच जणांत पूर्ण तिकीट काय ते आमचे!

वेरूळ तीस किलोमीटरवर. १ ते १२ क्रमांकाची लेणी बौद्ध, तीच आधी पाहावीत. उन्हे चढली की पाय चालत नाहीत.

अजिंठा शंभर किलोमीटर, आणि सोमवारी बंद. वेरूळ मंगळवारी. आम्ही हे न विचारता सोमवारीच गेलो, एक दिवस नि जाण्यायेण्याचे पैसे वाया. दुसऱ्या खेपेला फर्दापूरच्या फाट्यावर उतरलो. तिथून लेण्यांपर्यंत खासगी गाडी सोडत नाहीत, सगळ्यांना बसच. जीपवालेही आमच्याच रांगेत!

आई बसत-उठत सव्विसाव्या लेण्यापर्यंत आली. महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपुढे हात जोडून बसली ती उठेचना. परतीची बस चुकेल म्हटले, तर म्हणाली, "दुसरी येईल."

आली. सव्वा तासाने.