परवलीच्या शब्दाचे अर्थकारण

बँकेचे खाते, भविष्यनिर्वाह निधी, प्राप्तिकराचे विवरणपत्र, परीक्षेचा अर्ज, विजेचे देयक असे मध्यमवर्गीयांचे बहुतेक व्यवहार आज संगणकाच्या जाळ्यात जाऊन बसले आहेत आणि प्रत्येक दारावर परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, विचारला जातो. फसवणुकीची बातमी आली की उपदेशही ठरलेला असतो : नागरिकांनी दक्षता बाळगावी, पासवर्ड अवघड ठेवावा. हा उपदेश खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे आणि जबाबदारी कोणाची, या मूळ प्रश्नाला तो सोयीस्करपणे बगल देतो.

माणूस सोपा शब्द निवडतो, हे काही आजच उघडकीस आलेले नाही. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन या संशोधकांनी ३,२८९ पासवर्ड तपासले, तेव्हा त्यांतील ८६ टक्के एक तर फार आखूड, नाही तर शब्दकोशातून वा नावांच्या यादीतून सहज सापडणारे निघाले. २००९ मध्ये रॉकयू या अमेरिकी कंपनीकडील सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीस गेले. त्यांत सर्वाधिक वेळा आढळला तो ‘१२३४५६’. तीस वर्षांत संगणक बदलला, मनुष्यस्वभाव बदलला नाही.

यावर नियमांचा उपाय योजण्यात आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतील बिल बर यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शनामुळे मोठे अक्षर, अंक, चिन्ह आणि ठरावीक मुदतीने बदल ही पद्धत जगभर रूढ झाली. फलित काय? लोक शेवटच्या १ चा २ करतात किंवा चिठ्ठी लिहून ती टंकफलकाखाली सरकवतात. २०१७ मध्ये या संस्थेनेच सक्तीच्या मुदतबदलाचा व अक्षरमिश्रणाचा आग्रह सोडला; बर यांनीही त्याच वर्षी आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. आपल्याकडील अनेक कार्यालये मात्र अद्याप तेच जुने व्रत पाळीत आहेत.

साधे गणित पाहावे. टंकफलकावरील ९४ चिन्हांतून आठ चिन्हे कशीही निवडली, तर जितके पर्याय होतात, त्याच्या पंधरापटींहून अधिक पर्याय केवळ २६ रोमन अक्षरांतून बारा अक्षरे निवडल्यास होतात. म्हणजे बळ लांबीत आहे, चिन्हांच्या क्लिष्टतेत नव्हे. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द एकापुढे एक मांडले, तर ते ध्यानात राहतात आणि ओळखण्यास कठीण जातात. सर्वांना पाठ असलेली अभंगाची वा गाण्याची ओळ मात्र टाळावी. जे सर्वांच्या ओठी, ते चोरासही ठाऊक असणार.

त्याहून मोठा धोका एकच शब्द सर्वत्र वापरण्यात आहे. एखाद्या किरकोळ दुकानदारी संकेतस्थळाने हलगर्जीपणा करावा आणि त्याची किंमत ग्राहकाने बँकेतील ठेवीने मोजावी, असे त्यामुळे घडते. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात : चूक एकाची, भुर्दंड दुसऱ्याला.

रॉस अँडरसन यांनी २००१ मध्ये हेच सूत्र मांडले. नुकसान ज्याला सोसावे लागते, तोच सुरक्षेवर खर्च करतो. अमेरिकेत वादग्रस्त व्यवहाराचा भार बँकेवर होता, ब्रिटनमध्ये तो ग्राहकावर ढकलला जाई. परिणामी ब्रिटिश बँका निष्काळजी राहिल्या. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये या दृष्टीने योग्य पाऊल टाकले. त्रयस्थाच्या दोषामुळे झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य, आणि दायित्व सिद्ध करण्याचा भार बँकेवर, असे तिने ठरवले. गुप्त माहिती ग्राहकाने स्वतःच दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान मात्र त्याचेच. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा हल्ला बँकेच्या यंत्रणेवर झाला होता. खातेदारांचे पासवर्ड कितीही भक्कम असते, तरी तो टळला नसता.

म्हणून कर्तव्यांची वाटणी स्पष्ट हवी. नागरिकाने बँक व ई-मेल यांसाठी तरी लांब आणि स्वतंत्र शब्द ठेवावेत. ई-मेलचा शब्द विशेष जपावा, कारण इतर अनेक खात्यांचे विसरलेले शब्द त्याच वाटेने बदलले जातात. स्मरणशक्ती पुरत नसेल, तर पासवर्ड मॅनेजर वापरावा, नाही तर घरच्या कुलुपबंद कपाटातील वहीत नोंद करावी. सर्वत्र एकच शब्द ठेवण्यापेक्षा ते बरे. दूरध्वनीवर मात्र तो कोणालाही सांगू नये. संस्थांनी निरर्थक सक्ती बंद करावी, लांब शब्द स्वीकारावेत, शब्द मूळ स्वरूपात साठवू नयेत आणि ओळख पटवण्याची दुसरी पायरी ठेवावी. हे न करता केवळ खातेदाराच्या अज्ञानाकडे बोट दाखवणे म्हणजे स्वतःच्या कर्तव्याचे ओझे दुर्बळाच्या खांद्यावर टाकणे होय. असे ओझे मुकाट्याने न स्वीकारण्याची जागरूकता शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांनी दाखवली पाहिजे.